पंचेचाळीस दिवसांचा धडा

(शाखेच्या अभ्यासवर्गात शाखा-सचिवांनी केलेले भाषण)



आज मला जो विषय दिला आहे तो माझ्या मानाने मोठा आहे. पत्रिकेवर छापले आहे, ‘जीवनातील ध्यास, चिकाटी आणि उत्तमतेची ओढ’. ते वाचून मी अध्यक्षांना म्हटले, साहेब, हा विषय एखाद्या प्राध्यापकांना द्या. मी मॅट्रिक झालेला माणूस. १९९० साली गँगमन म्हणून रुळावर आलो, अंगात खाकी अर्धी विजार आणि हातात बीटर. अध्यक्ष म्हणाले, “पुस्तकातले सांगू नका. पाहिले ते सांगा.” तेव्हा पाहिलेले सांगतो. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगतो. ती गाळली तर या विषयावर बोलण्याचा मला अधिकार राहणार नाही.

सुरुवात आमच्या कीमन काकाजींपासून करतो. बैतूलच्या पुढे सातपुड्याच्या घाटात आमची गँग होती. ज्यांनी रुळावर काम केले नाही त्यांच्यासाठी सांगतो. कीमन म्हणजे रोज आपल्या बीटवर पायी जाणारा माणूस. जाताना एक रूळ पाहायचा, येताना दुसरा. खांद्यावर हातोडा आणि पाना, सोबत लाल झेंड्या आणि फटाके. सैल झालेली क्लिप ठोकायची, फिश प्लेटचा बोल्ट आवळायचा, वेल्डिंगचा सांधा पाहायचा. उन्हाळा असो, पाऊस असो, रोज तोच रस्ता आणि तेच स्लीपर. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात शिकण्यासारखे काय आहे?

मलाही तसेच वाटले होते. रजेच्या जागी कीमनचे काम करता यावे म्हणून मुकादमांनी मला काकाजींबरोबर पाठवले. पहिल्या दिवशी मी भराभर चालत पुढे गेलो. काकाजी मागे राहिले. मी थांबलो, तर ते म्हणाले, “बाबू, तू चालतोस. मी ऐकतो.” मग त्यांनी दाखवले. घट्ट बसलेल्या क्लिपवर हातोडा पडला की एक आवाज येतो, सैल क्लिपवर पडला की दुसरा. खडी खाली पोकळ झाली असेल तर गाडी जाताना स्लीपर खाली-वर होतो आणि भोवती बारीक पांढरी धूळ जमते. हे मला कोणत्याही वर्गात कळले नसते. काकाजी अक्षरशत्रू होते, सही करताना अंगठा उठवत. पण आपल्या बीटवरचा प्रत्येक सांधा त्यांना घरच्या माणसासारखा ओळखीचा होता.

त्यांची आणखी एक सवय होती. रिकामा वेळ मिळाला की ते मला फटाका बसवायचा सराव करायला लावत. रुळाच्या माथ्यावर फटाका ठेवायचा, पट्ट्या दोन्ही बाजूंनी खाली वळवायच्या. मी दोन-तीनदा केले आणि म्हटले, आले मला. ते म्हणाले, “आता डोळे मिटून कर.” मी हसलो. त्यांनी मात्र मला डोळे मिटून करायला लावलेच. एकदा नव्हे, महिनाभर.

त्याच वर्षी डिसेंबरात घाटात कडाक्याची थंडी पडली. थंडीत लोखंड आखडते आणि लांब वेल्ड केलेल्या रुळांवर ताण येतो, हे आपण जाणतो. उजाडता उजाडता आम्ही बीटवर होतो. धुके इतके की चार खांबांपलीकडे काही दिसत नव्हते. काकाजी एका वेल्डपाशी वाकले आणि एकदम ताठ उभे राहिले. सांधा तुटला होता. मध्ये बोटभर फट. त्यांनी लाल झेंडी तिथेच रोवली आणि मला म्हणाले, “पळ. मी इथे उभा आहे.” नियम आपल्याला पाठ असतो : सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. पाठ असणे वेगळे आणि धुक्यात, समोरून गाडी येणार हे माहीत असताना, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ते करणे वेगळे. त्या दिवशी माझे डोळे उघडे होते, पण हात आपोआप चालले. शेवटचा फटाका बसवून मी लाल झेंडी घेऊन उभा राहिलो, तोवर इंजिनाचा आवाज आला होता. फटाके वाजले, ब्रेक लागले आणि गाडी थांबली. ती पॅसेंजर गाडी होती.

पुढची गोष्ट मी कधी विसरलो नाही. डब्यातले लोक खिडकीतून डोकी काढून ओरडत होते, “क्यों रोका? कितना लेट करोगे?” कोणाला काही माहीत नव्हते. आमचा राग आला म्हणून मी त्यांना दोष देत नाही. काकाजी मला म्हणाले, “आपले काम नीट झाले तर गाडीतल्या माणसाला कळत नाही. कळले, तर समज की काम बिघडले.” साहेबांनी नंतर थोडे रोख बक्षीस दिले. काकाजींनी ते पैसे गँगच्या चहात घातले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हातोडा खांद्यावर घेतला.

बंधूंनो, उत्तम काम कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिले. शिकलो मात्र नाही. कारण पुढे माझ्या हातून काय घडले ते ऐका.

तीन-चार वर्षांत मी युनियनच्या कामात पडलो. आवाज मोठा होता, बोलणे बरे होते. गेट मीटिंग असो, धरणे असो, मी पुढे. घोषणा द्यायला लागलो की शेड दणाणून जाई. लोक पाठीवर थाप मारत, “काय बोलला रे!” मला ध्यास होता हे खरे. रात्री-अपरात्री कोणी हाक मारली तरी मी उठून जात असे. पण ध्यास म्हणजे सगळे काही, असा माझा समज झाला.

आमच्या एका गँगमनवर गैरहजेरीचे चार्जशीट निघाले, एस.एफ.-५, म्हणजे मोठ्या शिक्षेचे. त्याची बायको खूप आजारी होती. तो तिला घेऊन गावाकडे गेला आणि रजेचा अर्ज न देता बरेच दिवस राहिला. चौकशीत त्याला धड बोलता आले नाही. शेवटी नोकरीतून काढून टाकल्याचा हुकूम आला. हुकूम हातात घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “भाऊ, तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते.” मी म्हटले, काळजी करू नको, असे अपील करतो की साहेब बघत राहतील.

हुकूम मिळाल्यापासून अपिलाची मुदत पंचेचाळीस दिवसांची असते. शिस्त व अपील नियम १९६८ चे आहेत, तेव्हाही होते. पण मी ते वाचलेलेच नव्हते. त्या दिवसांत एका मोठ्या मेळाव्याची तयारी चालू होती. फलक, वर्गणी, गाड्या, माणसे जमवणे, यातच मी बुडालो. अपिलाचा कागद खिशात राहिला. मी बसून लिहिले तेव्हा बावन्नावा दिवस होता. लिहिले तेही कसे? दोन पाने नुसता संताप. बायकोच्या आजाराचे कागद जोडले नाहीत. उशीर का झाला याची एक ओळ लिहिली नाही. सबळ कारण दाखवले तर उशिरा आलेले अपीलही अधिकारी विचारात घेऊ शकतात, हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नव्हते. उत्तर आले, मुदतबाह्य म्हणून फेटाळले.

तो मला एक शब्द बोलला नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, “तुम्ही प्रयत्न केला ना भाऊ.” या वाक्याने मला जितके लागले तितके कोणत्याही शिवीने लागले नसते. कारण मी प्रयत्न केलाच नव्हता, मी आवाज केला होता. त्याच्या मोठ्या मुलाची शाळा आठवीत सुटली. तो पोरगा स्टेशनबाहेरच्या टपरीवर कप विसळू लागला. मी ड्यूटीवर जाताना रोज त्याला पाहत असे.

तेव्हा मला नाना भेटले. नाना टपाल खात्याच्या आर.एम.एस. मधून सॉर्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि आमच्या वस्तीतच राहत. सारी हयात धावत्या गाडीच्या डब्यात उभे राहून टपाल लावण्यात गेली. रात्रीची वेळ, डबा हलतो आहे, समोर खणांची फळी आणि हातात पत्रांचा गठ्ठा. पुढचे स्टेशन येण्याआधी थैली बंद झालीच पाहिजे. आज इथे बसलेल्या टपाल खात्यातील जुन्या मंडळींना हे सांगायला नको.

नानांच्या उमेदवारीच्या काळात पिन कोड नव्हता. आपल्याकडे वडगाव किती आणि पिंपळगाव किती, मोजून पाहा. त्यात पत्ता कोणी मराठीत लिहिणार, कोणी हिंदीत, कोणी तेलुगूत. कोणते गाव कोणत्या टपाल कचेरीखाली आणि ती कचेरी कोणत्या लाइनवर, हे सगळे सॉर्टरच्या डोक्यात असावे लागे. ही अडचण ओळखून पोस्ट व तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा आकड्यांची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीचे. नागपूरला ४४०, बैतूलला ४६०. राज्य वेगळे, पण पहिला आकडा चारच. वेलणकर संस्कृतचे पंडित होते, नोकरी सांभाळून संस्कृतात नाटके आणि काव्ये लिहीत. नाना मोठ्या अभिमानाने सांगत, “आमच्या खात्यातल्या माणसाने खात्यातलीच अडचण सोडवली. बाहेरून कोणी आला नाही.”

पण नानांचे स्वतःचे मोठेपण मला वेगळ्याच गोष्टीत दिसले. अर्धवट पत्त्याचे पत्र हाती आले की ते परत पाठवण्याच्या ढिगात टाकत नसत. पाळी संपली की ती चार-सहा पत्रे घेऊन बसत, अक्षर लावत, शिक्क्यावरून अंदाज बांधत. मी विचारले, याचे तुम्हाला काही जास्त मिळत होते का? ते म्हणाले, “पत्र कोणाचे आहे ते मला माहीत नाही. म्हणून सगळीच माझी समजायची.”

मी त्यांच्यापुढे माझा फेटाळलेला कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारले, “यात तुझा राग आहे. त्याची बाजू कुठे आहे?” मग शिकवणी सुरू झाली. रोज ड्यूटीनंतर एक तास. त्यांनी नियमांचे पुस्तक आणायला लावले. इंग्रजीतले. मला मॅट्रिकला इंग्रजीत काठावरचे गुण. शब्दकोश घेऊन एका नियमाला आठ-आठ दिवस लागत. अर्ज लिहायचा तर आधी तारखांची यादी, मग घटना, मग कागद, मग नियम आणि शेवटी मागणी. पहिला मसुदा त्यांनी अकरा वेळा परत केला. अकराव्या वेळी मी चिडून म्हणालो, नाना, साहेब इतके बारकाईने वाचत नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “साहेब वाचत नसेल. ज्याचे घर त्या कागदावर उभे आहे, त्याच्यासाठी लिही.”

फेरतपासणीचा अर्ज यावेळी मुदतीत गेला. दवाखान्याचे कागद, गावच्या डॉक्टरांचा दाखला, आधीच्या नोकरीतील चांगली नोंद, सगळे क्रमांक घालून जोडले. त्यानंतर वाट पाहणे. दर महिन्याला स्मरणपत्र, प्रत्येकाची पोच फाइलला. मधल्या काळात साहेब बदलले, फाइल एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेली, एकदा हरवलीसुद्धा. आपल्याकडे प्रती होत्या, म्हणून पुन्हा उभी राहिली. तीन वर्षांहून अधिक काळानंतर हुकूम आला : शिक्षा कमी केली, खालच्या पगारावर परत कामावर घेतले. मधल्या काळाचा पगार नाही. त्याने पेढे आणले. माझ्या घशाखाली उतरले नाहीत, कारण त्या पोराची शाळा काही परत आली नाही.

साथींनो, माझ्या घरात भिंतीवर एक जुने कॅलेंडर आहे. त्यावर पंचेचाळीसावा दिवस लाल शाईने गोल केलेला आहे. मुलगा म्हणतो, बाबा, हे काढून टाका. मी काढत नाही.

चिकाटीचे मोठे उदाहरण हवे असेल तर नारायण मेघाजी लोखंडे यांचे घ्या. आपल्या देशातील कामगार चळवळीचे आद्य पुढारी म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. पण त्यांनी सुरुवातीला रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली होती, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? म्हणजे ते आपल्या दोघांच्याही बिरादरीतले. पुढे ते मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले आणि १८८० पासून ‘दीनबंधू’ पत्र चालवू लागले. गिरणी कामगाराला तेव्हा आठवड्याची सुट्टी नव्हती. १८८४ साली त्यांनी सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्या अर्जातल्या मागण्या पाहा. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार. यातली एकही मागणी हवेतली नाही. प्रत्येकीला आकडा आहे, मुदत आहे. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. एका रविवारसाठी सहा वर्षे! १८९७ साली प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना लोखंडे गेले. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. आपल्या जुन्या माणसाची आठवण खात्याने ठेवली.

अलीकडचे उदाहरण तर तुम्ही सगळ्यांनी टी.व्ही. वर पाहिले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा आपल्या मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस होता. २०१५ मध्ये रेल्वेत लागला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल तीन पोझिशन प्रकारात त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तिन्ही प्रकारांत नेम धरायचा असतो. पहिल्या प्रकारानंतर तो पदकाच्या जागेपासून मागे होता. घाबरला असता तर संपले असते. एकेक गोळी नीट मारत तो वर आला. आपण त्याचे पदक पाहिले, त्यामागची रोजची गोळी पाहिली नाही. काकाजींचा डोळे मिटून केलेला सराव आणि ही गोळी मला एकाच जातीची वाटते.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, नाहीतर माझ्या भाषणाचा चुकीचा अर्थ निघेल. वरून परिपत्रके येतात, ‘उत्कृष्टता’ आणा, ‘समर्पण’ दाखवा. चार माणसांच्या जागी दोन माणसे ठेवायची आणि त्या दोघांना उत्कृष्टतेचे प्रवचन द्यायचे, हे आपल्याला मान्य नाही. रिकाम्या जागा भरा, ही मागणी कायम राहील. रुळावर एकट्या माणसाला मागून येणाऱ्या गाडीची सूचना देणारे साधन हवे, ही मागणीही कायम राहील. आज गँगमनला ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव बदलले, धोका तोच आहे. चिकाटी म्हणजे अन्याय सोसत राहणे असा अर्थ मी करत नाही. लोखंड्यांनीही केला नाही.

पण दुसरी बाजूही बोलली पाहिजे. जो आपले काम चोख करतो त्याच्या तोंडी मागणी शोभते. काकाजी साहेबांपुढे उभे राहिले की साहेबही खुर्ची सरकवून ऐकत. आणि युनियनचे कामदेखील काम आहे. तिथला निष्काळजीपणा गाडीच्या अपघातासारखा वर्तमानपत्रात येत नाही. तो कोणाच्या तरी घरात होतो.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझे तीनच सांगणे आहे. पहिले, खिशात एक वही ठेवा. कोणताही हुकूम हातात आला की कोणत्या तारखेला मिळाला आणि मुदत कधी संपते, हे आधी लिहा, मग सहानुभूतीचे बोला. दुसरे, मूळ कागद स्वतः वाचा. १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन योजना लागू झाली तेव्हा लोक मला विचारत होते, कोणता पर्याय घेऊ? मोबाइलवर आलेल्या निरोपावरून मी एकालाही उत्तर दिले नाही. अधिसूचना वाचली, प्रत्येकाची नोकरीची वर्षे मांडली, मग बोललो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यांच्याविरुद्ध बोलायचे तरी आधी वाचाव्या लागतील. टपालातील सहकाऱ्यांचेही तेच. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, कामाची पद्धत बदलली. नवी पद्धत आपल्यालाच सर्वांत चांगली यायला हवी, म्हणजे तिच्यातले दोष आपण ठणकावून सांगू शकू. तिसरे, एक माणूस शिकवा. मला काकाजींनी आणि नानांनी फुकट शिकवले. ते कर्ज त्यांना परत करता येत नाही, पुढच्यालाच द्यावे लागते.

काकाजी आणि नाना दोघेही आज नाहीत. त्यांच्या नावाचा फलक कुठे नाही. पण घाटातून गाडी जाते तेव्हा मी खिडकीपाशी बसतो आणि रुळांचा आवाज ऐकतो.

आणि शेवटचे. टपरीवर कप विसळणारा तो पोरगा पुढे रात्रशाळेत गेला. त्याला तिथे घेऊन जाणे माझे कर्तव्यच होते, त्यात उपकार नाही. तो दहावी उशिरा झाला, पण झाला. आज तोही रेल्वेत आहे आणि या सभागृहात बसला आहे. त्याच्या खिशात वही आहे, हे मी सकाळीच पाहून घेतले.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. कामगार एकजुटीचा विजय असो!